पॉलिश काही सुकेना

बोरगाव मेघेत रूपरावाचं नवं घर उभं राहिलं तेव्हा लोक घर पाहायला कमी, अन् रूपराव आता काय खोडी काढतो ते पाहायला जास्त आले. माणूसच तसा होता. पन्नाशी गाठली, अर्धं डोकं उघडं पडलं, तरी अंगातला वात्रटपणा काही गेला नव्हता. स्वतःच्या पोरीच्या लग्नात त्यानं व्याह्याच्या पानात पुठ्ठ्याचा तळलेला पापड वाढला होता. व्याही म्हणजे आर्वीचे लक्ष्मणराव. मानाचा माणूस, मिशीला पीळ. त्यांनी तो पापड तोंडात घातला, चावता येईना, गिळता येईना, अन् चारचौघांत थुंकताही येईना. सारा मांडव पोट धरून बसला. लक्ष्मणरावही हसले. पण हसताना डोळे हसत नव्हते, हे एकट्या लीलाबाईनं पाहिलं.

लीलाबाई ही रूपरावाची बायको. तिला या घरात एकच गोष्ट पाहिजे होती, उभा ओटा. आंजी गावच्या जुन्या घरी चुलीपुढं बसून बसून तिच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता. आता कडप्प्याचा ओटा झाला, गॅसची शेगडी आली, ओट्याखाली कपाटं झाली. कपाटांची दारं तेवढी राहिली होती. लाकूड घरचं होतं. आंजीच्या वावरात धुऱ्यावर, बांधाला, उभं असलेलं सागवान. दारं कापून, रंधा मारून तयार होती. त्यांच्यावर काय चढवायचं, एवढाच प्रश्न होता. पण त्या एवढ्या प्रश्नानं घरात रोज तोंडाला तोंड लागत होतं.

मोतीलाल मिस्त्रीनं एके सकाळी तीन तुकडे आणून ओट्यावर मांडले.

"हे पाहा वहिनी. हा ऑइल पेंट, पिस्ता कलर. हा पॉलिश. अन् हा सनमायका. नागपुरात आजकाल सब सनमायकाच लावून राह्यले."

लीलाबाईनं सनमायक्याच्या तुकड्यावरून हात फिरवला. "हेच लावा. ओलं फडकं मारलं का झालं. तेलाचा हात लागो का हयदीचा."

"अवं, घरचं सागवान आहे ते," रूपराव म्हणाला. "त्याच्या तोंडावर कागद चिकटवतं का? पॉलिश मार मोतीलाल. लाकडाची रेघ न् रेघ दिसली पाहिजे."

"अन् ते घासत कोण बसन?"

"मी घासन."

"तुम्ही? तुम्ही दात घासाले सणाची वाट पाहता."

मोतीलाल खो खो हसला. त्याला कोणत्याही बाजूनं हसायला चालत असे, काम दोन दिवस लांबलं की झालं.

घाई मात्र लीलाबाईला होती, अन् तिचं कारण खरं होतं. त्यांच्या पोरीला, नलूला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात बोलायची गोष्टच नव्हती. आर्वीहून पोरगी यायच्या आत सैपाकघर लागलं पाहिजे, डबे रचले गेले पाहिजेत. लग्नाला पाच वर्षं होऊन नलूला हे पहिलंच होतं. आधी दोनदा दिवस राहून गर्भ गेला होता. लक्ष्मणरावांनी निरोपात स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी पोरीले जपा.

म्हणून नवराबायकोनं भांडण मिटवायला शेजारच्या प्रभाकररावांचं सैपाकघर पाहायचं ठरवलं. प्रभाकरराव शाळेत मास्तर. त्यांच्याकडं दोन वर्षांपूर्वी सनमायका लागला होता, निळा, पांढऱ्या फुलांचा. त्यांची बायको मीराबाई तो सनमायका अशा तऱ्हेनं दाखवायची की जसं काही फुलं तिनं स्वतः पेरली.

"पाहा वहिनी, डाग नाई का चरा नाई," मीराबाई म्हणाली. "कालच लावला असा वाटते का नाई?"

लीलाबाईचे डोळे चमकले. रूपराव दारापुढं उकिडवा बसला. त्यानं दारावर बोटानं टिचकी मारली. आवाज भलताच आला, रिकाम्या डब्यासारखा. त्यानं मीराबाईकडं पाहिलं, मग हळूच अंगठा दाराच्या मधोमध टेकवला अन् दाबला. निळा पत्रा आत गेला. अंगठा गेला, मग सारा हात गेला. आत लाकूडच नव्हतं. मातीचा भुगा भळाभळा फरशीवर सांडला अन् त्यातून पांढऱ्या उधईचं, वाळवीचं, अख्खं लग्न बाहेर पडलं.

मीराबाई पदर नाकाला लावून मागं सरली. रूपराव मनगटापर्यंत दारात हात घालून बसला होता अन् हसू दाबत होता.

"मास्तर," त्यानं बाहेर हाक मारली, "तुमच्या घरी पाहुणे उतरले, अन् तुम्ही चहा बी नाई इचारला."

घरी येताना मात्र तो हसत नव्हता. ही सारी कॉलनी पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वावरात वसलेली. जमीन काळी, अन् त्या काळ्या जमिनीच्या पोटात उधई. मास्तरचं दार दोन वर्षं बाहेरून हसत होतं अन् आतून संपत होतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. तो स्वतःला फार हुशार समजायचा. आपल्याला कोणी आतून खाऊन जाईल अन् आपल्याला कळणार नाही, हे त्याला खपणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आंजीला गेला अन् सायकलच्या हँडलला एक डबा अडकवून आला. एंड्रिनचा. पऱ्हाटीच्या फवारणीतून उरलेला, अर्ध्याच्या वर भरलेला. डब्यावर कवटीचं चित्र होतं.

"मोतीलाल, ऐक. आधी हे पाजायचं दाराले. दोन्ही बाजूनं, मनसोक्त. मंग वरून पॉलिश. उधईचा बाप येन तरी परत जाईन."

मोतीलालनं डब्याकडं पाहिलं. "दिमाग तुमचा भाऊ. हे चित्र पाहूनच उधई सलाम ठोकते."

लीलाबाई ओट्यापाशी उभी होती. आंजीत एंड्रिन कशाकशाला वापरतात ते तिला माहीत होतं. पऱ्हाटीवर मारतात, ज्वारीच्या कोठीखाली शिंपडतात, अन् घरात कोणाचं भांडण विकोपाला गेलं तर सासू पहिले डबा लपवते.

"अवं, जहर आहे ना ते," ती म्हणाली. "सैपाकघरात कायले?"

"पेल्यानं मरते माणूस," रूपराव म्हणाला. "दार कोण पेते?"

मोतीलालच्या हातातला ब्रश खाली पडला, इतका तो हसला. संध्याकाळपर्यंत हे वाक्य साऱ्या कॉलनीत फिरलं. पानठेल्यावरही लोकं म्हणत होती, दार कोण पेते. लीलाबाईलाही थोडं हसू आलं. अन् जिथं हसू आलं तिथं तिचा प्रश्न मिटला.

दारं अंगणात विटांवर आडवी टाकली. मोतीलालनं ब्रशानं एकामागून एक हात मारले. वैशाखातलं कोरडं सागवान. उन्हातून आलेल्या माणसानं लोटा तोंडाला लावावा तसं ते लाकूड औषध पीत होतं. ब्रश फिरला की ओलं, पाठ फिरवली की कोरडं. डबा संपेपर्यंत मोतीलाल पाजत राहिला. दुपारी त्याचं डोकं भणभणायला लागलं, घरी जाऊन उलट्या झाल्या. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो डोळे लाल घेऊन.

"ऊन लागलं," तो म्हणाला.

"कांदा ठेवत जा खिशात," रूपराव म्हणाला.

मग पॉलिश. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा फडक्यात बांधून मोतीलालनं घासायला घेतलं. दारांना रंग आला तो पाहून लीलाबाईही सनमायका विसरली. पिकलेल्या चिंचेसारखा गडद, आतून उजेड असल्यासारखा. लाकडाची एकेक रेघ वर आली. दारं बसवली तेव्हा सारं सैपाकघर त्यांच्यापुढं फिकं पडलं.

एक गोष्ट सोडून. पॉलिश सुकेना.

बोट लावलं की बोट चिकटायचं. मोतीलालनं वरून आणखी हात मारला. तोही सुकेना. "हवा खराब आहे," तो म्हणाला, वैशाखाच्या रखरखत्या उन्हात. दुपारी ओट्यावर वरण उकळायला लागलं की दारांवर बारीक बारीक थेंब यायचे. लीलाबाई फडक्यानं टिपायची. थोड्या वेळानं पुन्हा. दारं घामेजत होती.

"वास बी जात नाई अजून," ती म्हणाली. "दारं काढून बाहेर ठेवू का, सुकेपर्यंत?"

"उन्हात लाकूड वाकडं होते. राहू दे. पॉलिशचा वास आहे तो, जाईन."

अन् मग मजा सुरू झाली. लीलाबाई सकाळी केर काढायला गेली तर ओट्याखाली झुरळं उताणी. पन्नास-साठ असतील. रूपरावानं ती झाडूवर घेऊन मीराबाईला कुंपणावरून दाखवली. "वहिनी, पाहा, आमच्याकडले पाहुणे चहा पेऊन झोपले." मग माश्या गेल्या. मग खिडकीच्या वरची पाल एका दुपारी खाली पडली अन् शेपूट न हलवता पडून राहिली. आठवडा उलटला तेव्हा त्या सैपाकघरात एक मुंगीसुद्धा उरली नव्हती. साखरेचा डबा उघडा राहिला तरी. रूपराव ज्याला त्याला सांगत सुटला, आपल्या घरी साखर उघडी राह्यते.

त्या शांततेत नलू आली.

लक्ष्मणराव तिला स्वतः सोडायला आले होते. दारं पाहिली, पॉलिशची तारीफ केली, चहा घेतला. निघताना रूपरावाला बाजूला घेऊन म्हणाले, "व्याही, एक ऐकाल का माह्यं? पोट्टीच्या बाळंतपणापर्यंत मस्करी बंद ठेवा."

"ठेवली," रूपराव म्हणाला, अन् त्यानं ती खरंच ठेवली होती. पोरीच्या वाटेला तो कधीच जात नसे. नलू म्हणजे त्याचा एकच मऊ कोपरा होता. तिच्यासाठी त्यानं खोलीत पंखा लावला, पाळण्याची कडी आधीच छताला ठोकली. रात्री झोपताना तो त्या कडीकडं पाहायचा अन् मनात दिवस मोजायचा.

पण नलू पंख्याखाली बसेना. वैशाखात त्या घरात गारवा एकाच जागी होता, सैपाकघराच्या शहाबादी फरशीवर. जेवणं झाली की लीलाबाई खिडकी लावून घ्यायची, झळ येऊ नये म्हणून. नलू ओट्याच्या दारांना पाठ टेकून पाय पसरायची, पोटावर दोन्ही हात ठेवायची अन् तिथंच डोळा लागायचा. उठताना ब्लाउज दारापासून सुटताना चर्र आवाज व्हायचा.

"बाबा, हे दार मले सोडतच नाई," ती हसून म्हणाली.

रूपरावानं पाहिलं. पॉलिशवर तिच्या पाठीचा ठसा उमटला होता, ब्लाउजच्या शिवणीसकट. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उमटला.

काही दिवसांनी तिचं डोकं दुखायला लागलं. लीलाबाईनं तेल थापलं. मग अन्न जाईना. लीलाबाई म्हणाली, असं होते. मग एका दुपारी चहाचा कप धरताना नलूची करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट आपोआप उडायला लागली. तारेवरची चिमणी उडायच्या आधी हलते तशी. नलू आपल्याच बोटांकडं पाहत राहिली. कप कलंडला.

"अशक्तपणा आहे," लीलाबाई म्हणाली अन् डिंकाचे लाडू करायला घेतले.

त्याच हप्त्यात मीराबाईची मांजर मेली. ती रोज मागच्या दारानं दुधाच्या वासावर यायची, ओट्याच्या दारांना अंग घासायची, अन् मग उन्हात बसून अंग चाटायची. त्या दिवशी ती कुंपणाच्या भिंतीवर चढली अन् तिथून खाली पडली. चारही पाय ताठ, मान मागं, अंगाला झटके. तोंडाला फेस. रूपराव अंगणात होता, त्यानं सारं पाहिलं.

मीराबाई धावत आली. "भाऊजी, मस्करीले बी हद असते."

"वहिनी, पोरीची शप्पथ, म्या काही नाई केलं."

मीराबाईनं त्याच्याकडं पाहिलं अन् मांजर पदरात गुंडाळून निघून गेली. शेजारीपाजारी कोणालाच त्याचं खरं वाटलं नाही. रूपरावाला राग आला तो याचा. आयुष्यात पहिल्यांदा काही न करता नाव आलं, म्हणून तो दिवसभर चिडून होता. मांजर कशानं मेली, हे मात्र त्यानं स्वतःला एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दुपारी सैपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मग लीलाबाईची किंकाळी.

नलू फरशीवर आडवी होती. हात ताठ, पाय ताठ, मान मागं ओढलेली. टाचा फरशीवर आपटत होत्या, टकटक, टकटक. ओठांच्या कोपऱ्यात फेस. पोट एखाद्या वेगळ्या जीवासारखं घट्ट वर आलं होतं. लीलाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत होती. "बाहेरचं आहे हे, बाहेरचं आहे," असं ती म्हणत होती.

रूपराव दारात खिळून उभा राहिला. त्याला कालची मांजर दिसत होती. पायापासून मानेपर्यंत, सारं तसंच. त्याची नजर आपोआप ओट्याच्या दारांवर गेली. मधल्या दारावर पाठीचा ठसा होता, ताजा, ओला.

मोठ्या दवाखान्यात पोरीला नेईपर्यंत आणखी एकदा झटके आले. डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, झटके थांबले. त्यांनी नलूचं ब्लड प्रेशर पाहिलं, पाय दाबून सूज पाहिली. मग वाकून तिच्या केसांचा वास घेतला अन् सरळ झाल्या.

"काय प्यायली ही?"

"ताक," लीलाबाई म्हणाली.

"ताकाचं नाही विचारत. फवारणीच्या औषधाचा वास येतोय. घरात काही झालं का? सासरचं काही?"

"नाई बाई. लय सुखात आहे पोट्टी."

"सगळे आधी हेच सांगतात. पोलिसांना कळवावं लागेल."

सकाळी लक्ष्मणराव आर्वीहून आले. पटका तिरपा झालेला, चेहरा राखेसारखा. लीलाबाई रडत होती म्हणून ते रूपरावापुढं उभे राहिले.

"पोट्टी आमच्या घरून हसत निघाली जी. तुमच्या घरी येऊन औषध पेली. आता लोक म्हणतीन, आर्वीवाल्यानं छळली असन."

"पेली नाई ते," रूपराव म्हणाला. "दारानं झालं."

"कोणत्या दारानं?"

"सैपाकघराच्या. ओट्याखालच्या. म्या त्याले एंड्रिन पाजलं होतं. उधईसाठी. वरून पॉलिश मारलं. पोट्टी त्याले पाठ लावून बसत जाये."

लक्ष्मणरावांनी तिरपा पटका काढून हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "रूपरावजी, आज बी?"

खाटेपाशी आंजीचा तानबा उभा होता, दवाखान्यात झाडलोट करणारा. त्यानं तोंडावर हात दाबला. "दारानं जहर देल्लं मनते," तो नर्सला म्हणाला. नर्सनं डोळे वटारले, पण तिच्याही गालात काहीतरी हललं. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"पोरीला वाचवायला बाप काहीही बोलतो," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आली की तिलाच विचारू. पोलीस पण विचारतील."

रूपरावाला समजलं. ही गोष्ट तोंडानं सांगून कोणी मानणार नाही. नलू जगली तरी औषध प्यायलेली सून म्हणून जगेल. सासरी प्रत्येक घोट पाण्यावर कोणाची तरी नजर राहील. अन् पोटातलं वाचलं, तर त्यालाही लोकं सांगतील, तुझ्या मायनं तुला पोटात असताना मारायला काढलं होतं.

तो घरी आला. पेचकस घेतला अन् मधल्या दाराच्या बिजागऱ्या खोलल्या. त्या दारावर ठसा होता. बाहेर नाक्यावर नत्थू सायकलरिक्षा लावून उभा होता. रूपरावानं त्याला हाक मारली. भरीव सागवानाचं ते रुंद, जड दार दोघांनी मिळून उचललं, आडवं बसेना म्हणून उभं ठेवलं. रूपराव सीटवर बसून एका बाजूनं धरत होता. चढावर नत्थू उतरून एका हातानं हँडल, दुसऱ्या हातानं दार असा ढकलत होता.

रस्ताभर लोकं थांबत होती.

"काय रूपराव, घर थोडं थोडं करून नेता का?"

"दार घेऊन चालले, मंग चोर कुठून येईन?"

एकानं तर सायकल शेजारी आणून दारावर टकटक केली. "कोणी आहे का घरात?"

नत्थू हसून हसून रिक्षा ओढत होता. आज आपल्या नशिबी रूपरावाची नवीन गंमत पाहायचा योग आहे, असं त्याला वाटत होतं. रूपराव एकाशीही बोलला नाही. लोकांना तेच जास्त मजेदार वाटलं.

दार त्यानं वॉर्डात नेऊन भिंतीला उभं केलं. नर्स ओरडली. डॉक्टरीणबाई आल्या त्या रागातच. मग त्यांच्या नाकापर्यंत वास पोचला अन् त्या थांबल्या. जवळ आल्या. हातमोजा चढवून त्यांनी पॉलिशवरून बोट ओढलं. बोटाला चिकट, पिवळट तेल आलं. त्यांनी नलूचा काढून ठेवलेला ब्लाउज मागवला, पाठीकडून उलटा केला अन् दारावरच्या ठशाशेजारी धरला. शिवणीला शिवण लागली. ब्लाउजच्या पाठीवर तोच तपकिरी, तेलकट डाग होता.

डॉक्टरीणबाईंनी ब्लाउज खाली ठेवला.

"किती दिवस बसत होती?"

"आली तशी. रोज दुपारी."

डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी घेतली अन् नलूच्या पोटावर टेकवून कान लावला. ऐकलं. नळी सरकवली. पुन्हा ऐकलं. पुन्हा सरकवली. रूपराव त्यांच्या भुवईकडं पाहत होता. आयुष्यभर त्यानं माणसांचे चेहरे वाचून त्यांना फसवलं होतं, पण त्या चेहऱ्यावर त्याला काहीच वाचता येईना.

"आहे," त्या म्हणाल्या. "हळू आहे. पण आहे. पुढं काय होईल ते मी नाही सांगू शकत." त्यांनी आधी लिहिलेला कागद फाडला. "प्यायलेली नाही हे लिहिते मी. हिचं सारं अंग धुवा, केसांसकट. अन् त्या घरात ही परत जाणार नाही."

"नाईच जाणार," लक्ष्मणराव म्हणाले. "बाळंतपण आर्वीले होईन."

लीलाबाईनं पदर तोंडात धरला. पहिलं बाळंतपण सासरी. गावात कोणत्या तोंडानं सांगायचं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. लक्ष्मणराव त्याच्या जवळ आले, खांद्यावर हात ठेवणार होते, पण त्याच्या हातांकडं पाहून थांबले.

"व्याही, पाळण्याची कडी काढून टाकजा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रूपरावाला बरं वाटलं असतं.

"तुम्ही हात धुवा आधी," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "साबणानं, कोपरापर्यंत. अन् ज्यानं ज्यानं हे दार धरलं असेल त्यानं."

रूपराव नळाखाली हात धुता धुता थांबला. साबण तसाच हातात घेऊन तो पळत बाहेर आला.

फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत नत्थू रिक्षाच्या सीटवर आरामात बसला होता. डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, अन् उजव्या अंगठ्यानं तो सावकाश मळत होता. चांगला मळून झाला होता. आजूबाजूला चार रिक्षावाले, तो त्यांना दाराची गोष्ट सांगत होता.

"नत्थू, फेक ते."

"काऊन जी?"

"हाताले जहर आहे तुह्या. दारावरचं."

नत्थूनं बाकीच्यांकडं पाहून डोळा मारला. "हाव. अन् माह्या चाकात नागोबा बसला आहे." त्यानं चिमूट उचलली अन् ओठाखाली ठेवली.

रूपरावानं त्याचा जबडा धरला. दोन बोटं तोंडात घातली अन् तंबाखू ओरबाडून काढला. नत्थूनं बोट चावलं. रिक्षावाले टाळ्या पिटायला लागले. चहावाला ठेला सोडून आला. कोणीतरी म्हणालं, रूपराव दात काढून राह्यला, दात. रूपरावानं नत्थूला बगलेत धरलं अन् फरफटत आतल्या नळापाशी नेलं, मागून सारी गर्दी.

नळाला धार बारीक होती. रूपराव नत्थूचं एकेक बोट साबणानं चोळत होता, नखाखालून, बोटांच्या बेचक्यांतून. मग त्यानं त्याचं तोंड धरून चूळ भरायला लावली. पुन्हा भरायला लावली. नत्थू हसत होता, गर्दी हसत होती.

"सोड ना भाऊ, गुदगुल्या होऊन राह्यल्या," नत्थू म्हणाला.

त्याच्या अंगठ्याला रूपरावाच्या मुठीत बारीकसा झटका बसला. पुन्हा एक बसला. रूपरावानं मूठ घट्ट केली अन् त्याच्या तोंडाकडं पाहिलं. हसण्यानं उडतोय का कशानं, ते त्याला कळेना. त्यानं गर्दीत झाडू घेऊन उभ्या असलेल्या तानबाला हाक मारली, आतून डॉक्टरीणबाईंना बोलाव म्हणाला.

तानबाही हसायला लागला.